स्थायी रहिवाशांनी पाहुण्यांची उत्तरे देऊ नयेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुलाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यावर आमच्यासाठी अर्ज केला, मुंबईच्या वकिलातीत मुलाखत झाली आणि गेल्या महिन्यात मी व पत्नी स्थलांतरितांच्या व्हिसावर शिकागोला उतरलो. यापूर्वी पर्यटक म्हणून चार वेळा येऊन गेल्यामुळे विमानतळाचे दडपण नव्हते. पण त्या चार खेपांत अंगवळणी पडलेली उत्तरेच या वेळी एकदा नडली आणि दुसऱ्यांदा नडता नडता राहिली. पुण्यातून आमच्यासारखे पुष्कळ ज्येष्ठ या वाटेने जातात, म्हणून हे पत्र.

इमिग्रेशनच्या खिडकीपाशी ‘किती दिवस राहणार?’ असे विचारताच ‘साडेपाच महिने, परतीचे तिकीट आहे’ हे घोकलेले वाक्य माझ्या तोंडून निघाले आणि वर मी तिकिटाची छापील प्रतही पुढे सरकवली. अधिकाऱ्याने ती हातात न घेता विचारले, ‘तुम्ही राहायला आला आहात की भेटायला?’ पर्यटकाला आपण परत जाणार हे पटवून द्यावे लागते, तर स्थायी रहिवाशाचे घर अमेरिकेत असणे अपेक्षित असते, हा फरक आम्हाला अर्जाच्या एवढ्या सोपस्कारांत कोणी सांगितला नव्हता आणि आम्हीही विचारला नव्हता. भारतात जाऊन येण्यास मनाई नाही. मात्र मुक्काम सहा महिन्यांहून लांबला तर परतताना अधिक चौकशी होऊ शकते आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ बाहेर राहायचे असल्यास अमेरिका सोडण्यापूर्वीच पुनर्प्रवेश परवान्यासाठी अर्ज करावा लागतो.

त्यानंतर आम्हाला बाजूच्या खोलीत बसवले. नव्या स्थलांतरितांच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बोटांचे ठसे, छायाचित्र, ग्रीन कार्ड (स्थायी रहिवाशाचे ओळखपत्र) ज्या पत्त्यावर पाठवायचे त्याची खात्री आणि पासपोर्टातील व्हिसावर शिक्का, एवढे झाले. हा शिक्का वर्षभर ग्रीन कार्डासारखाच चालतो. प्रत्यक्ष कार्ड 235 डॉलरचे शुल्क भरल्यावर टपालाने येते. पुढे दुसऱ्या शहराचे विमान असले तरी हे सारे अमेरिकेतील पहिल्याच विमानतळावर होते आणि बॅगाही तिथेच उचलून पुन्हा द्याव्या लागतात, त्यामुळे दोन विमानांमध्ये तीन-चार तासांचे अंतर ठेवावे.

खरा प्रश्न सीमाशुल्काचा. आमच्या प्रवासी एजंटाने निघताना बजावले होते, ‘खाण्याचे विचारले तर सरळ नाही म्हणा.’ हल्ली अनेक ठिकाणी सोबतच्या वस्तूंचा कागदी जाहीरनामा न घेता अधिकारी तोंडीच विचारतात. मी ‘नाही’ म्हणण्यासाठी तोंड उघडले तोच पत्नीने डबा आणि पिशवी पुढे केली : ओल्या फडक्यात गुंडाळलेला कढीपत्ता, पाव किलो आंबेमोहोर, गोडा मसाला आणि कैरीचे लोणचे. मसाला आणि लोणचे परत मिळाले, कढीपत्ता व तांदूळ गेले. दंड शून्य. याच वस्तू लपवलेल्या सापडल्या असत्या तर पहिल्या वेळीही हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकला असता.

बंदीमागची कारणेही पोरकट नाहीत. कढीपत्ता लिंबूवर्गीय कुळातला आहे आणि त्यावर पोसणारी सिट्रस सिला कीड विदर्भातील संत्रा बागायतदारांच्या ओळखीचा ग्रीनिंग रोग पसरवते. तोच रोग 2005मध्ये फ्लोरिडात आढळला आणि तिथल्या बागा खचल्या. तांदूळ व हरभरे अडवले जातात ते साठवलेले धान्य पोखरणाऱ्या खापरा भुंगेऱ्यामुळे. हापूसचेही तसेच : लासलगावी विकिरण (किडीच्या बंदोबस्तासाठी किरणांची प्रक्रिया) करून व्यापारी मार्गाने गेलेला आंबा 2007पासून अमेरिकेत विकला जातो, पण प्रवाशाच्या बॅगेतला चालत नाही. रोख रकमेवर कमाल मर्यादा नाही, मात्र दहा हजार डॉलरहून अधिक असेल तर सांगावेच लागते, आणि एकत्र जाहीरनामा देणाऱ्या कुटुंबाची बेरीज एकच धरतात.

वस्तू असल्याचे सांगणे हा गुन्हा नाही, दडवणे हा आहे. आणि ज्याला त्या देशात कायम राहायचे आहे त्याच्या नावावर पहिल्याच दिवशी खोट्या उत्तराची नोंद होणे फार महागात पडू शकते. ज्येष्ठ नागरिक संघांनी परदेश प्रवासावरील व्याख्यानांत पर्यटक आणि स्थायी रहिवासी यांची माहिती वेगवेगळी द्यावी आणि प्रवासी एजंटांनी ‘नाही म्हणा’ हा सल्ला देणे थांबवावे, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
(मूळ पुणे, सध्या ओहायो)