यकृतातील गाठीचे मूळ शोधणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

आपण माझ्या आईला कधी पाहिले नाही. आपल्यापर्यंत पोहोचला तो बायोप्सीच्या सुईने तिच्या यकृतातून काढलेला एक लहानसा तुकडा. तरीही तिच्या उपचारांची दिशा आपल्या अहवालामुळे ठरली, म्हणून हे आभाराचे पत्र आपल्याला लिहीत आहे.

सीटी स्कॅनमध्ये एकच मोठी गाठ दिसली होती आणि स्कॅनसाठी टोचलेले औषध धमनीतून पोहोचताच ती उजळत असल्याने यकृताच्या नेहमीच्या कर्करोगाचीच शंका आधी घेतली गेली. मात्र सिरॉसिस (यकृत कडक होऊन आकसणे) नव्हता, हिपॅटायटिस बी किंवा सी नव्हता, यकृताच्या कर्करोगात बहुधा वाढणारे रक्तातील एएफपी हे प्रथिनही वाढलेले नव्हते. ही विसंगती आपण नजरेआड केली नाही. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत, म्हणजे पेशींतील ठरावीक प्रथिने रंगवून ओळखण्याच्या तपासणीत, न्यूरोएंडोक्राइन पेशींची खूण असलेले सिनॅप्टोफायसिन व क्रोमोग्रॅनिन-ए पॉझिटिव्ह, यकृतपेशींची खूण असलेले हेपपार-१ निगेटिव्ह आणि पेशी किती वेगाने वाढतात हे दाखवणारा केआय-६७ हा निर्देशांक ३ ते २० टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणजे दुसऱ्या श्रेणीचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींची गाठ), हे निश्चित झाले.

एवढ्यावर आपण थांबला नाहीत, याचे मला सर्वाधिक मोल वाटते. यकृतात आढळणाऱ्या अशा गाठी बहुतेक वेळा आतडे, स्वादुपिंड किंवा फुप्फुस यांतून पसरून आलेल्या असतात. यकृतातच उगम पावणाऱ्या अत्यंत दुर्मीळ, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत ठाम फरक करता येत नाही. सीडीएक्स-२ (आतड्याची खूण) किंवा टीटीएफ-१ (फुप्फुसाची खूण) मूळ जागेचा अंदाज देतात, खात्री देत नाहीत. इतर सर्व जागा तपासून वगळणे एवढाच मार्ग उरतो, हे आपण अहवालात लिहिलेत आणि आमच्या कर्करोगतज्ज्ञांना स्वतः फोन करून सांगितलेत. त्यानंतर गॅलियम-६८ डोटाटेट पेट-सीटी (अशा गाठी शरीरभर शोधणारे स्कॅन), जठराची व मोठ्या आतड्याची एंडोस्कोपी, लहान आतड्यासाठी कॅप्सूल एंडोस्कोपी असा क्रम चालला. निकालांची वाट पाहणे फार जड गेले, पण यकृताबाहेर कुठेही काही आढळले नाही, तेव्हाच शल्यचिकित्सकांनी गाठीसह तो भाग काढून टाकण्याचे ठरवले. मूळ गाठ अन्यत्र असती, तर ती तशीच राहून गेली असती.

शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालातही आपण सावधपणे लिहिलेत, की अतिशय लहान मूळ गाठ पुढे काही वर्षांनीही उघड होऊ शकते, म्हणून नियमित तपासणी चालू ठेवावी. आईच्या फाइलमध्ये ते पान सर्वांत वर लावले आहे आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना आम्ही आधी तेच वाचायला देतो.

आपली ऋणी,
एका रुग्णाची मुलगी