पंचेचाळीस ताटं आणि चार मिलिग्रॅम सोनं

सप्रेम नमस्कार.

चिपळूण-खेड भागातल्या रसायनशास्त्राच्या मंडळींचं आपलं छोटंसं मंडळ पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पुन्हा जेवणासह व्याख्यान ठेवत आहे. 'पुन्हा' अशासाठी, की 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मंडळाचं कपाट, प्रोजेक्टर आणि काचेची भांडी सगळीच गेली. चिखलातून एक ब्युरेट तेवढी धड निघाली, ती अजून वापरात आहे. त्यानंतर चहा-बिस्किटांवर बैठका झाल्या, पण पंगत काही बसली नाही.

विषय आहे नॅनोपदार्थ, म्हणजे नॅनोमीटरमध्ये (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात) मोजावे लागतात इतक्या बारीक कणांचे पदार्थ. वक्त्या पुण्याहून कुंभार्ली घाट उतरून येणार आहेत. मानधन नको म्हणाल्या. गाडीचं पेट्रोल आणि जाताना किलोभर आमसुलं, एवढ्यावर त्या खूश आहेत.

जेवण कशाला, नुसतं व्याख्यान ठेवा, असं काही सभासदांचं म्हणणं पडलं. पण लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातला केमिस्ट पाळी संपवून एकदा घरी टेकला की परत बाहेर पडत नाही, हा आमचा जुना अनुभव. जेवण असलं की थेट येतो, आणि पंगतीत त्याच्या शेजारी एस. वाय.ची (पदवीच्या दुसऱ्या वर्षाची) एखादी मुलगी बसते. भात वाढून होईपर्यंत ती विचारते, "सर, तुमच्याकडे एचपीएलसीवर मुलींना घेतात का?" एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. हा प्रश्न सभागृहात हात वर करून कोणी विचारत नाही.

व्याख्यानाआधी एक प्रयोग सगळ्यांसमोर करायचा आहे. क्लोरोऑरिक आम्लाचं (हे सोन्याचं पाण्यात विरघळणारं संयुग) अगदी पातळ, फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट ओतायचं. आधी पिवळेपणा जातो, मग पाणी काळपट-निळं होतं, आणि दहाएक मिनिटांत कोकम सरबतासारखा लालभडक रंग चढतो. हे सोनंच. फक्त कण पंधरा-वीस नॅनोमीटरचे, म्हणजे केसापेक्षा काही हजार पट बारीक. एवढं बारीक झालं की सोनं हिरवा प्रकाश शोषतं आणि आपल्याला लाल दिसतं. मायकेल फॅरेडेने 1857 मध्ये असं लाल सोनं बनवून त्यावर निबंध वाचला होता. त्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत. त्या लाल पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की कणांमधलं विद्युतभारांचं अपाकर्षण मोडतं, कण एकमेकांना चिकटतात आणि रंग जांभळा-निळा पडतो. हे पुस्तकात दहादा वाचलेलं पोरगंसुद्धा समोर घडताना पाहिलं की खुर्चीवरून उठतं. (प्रयोगाचं टेबल सोलकढीच्या टेबलापासून लांब ठेवणार आहोत. कारण उघड आहे.)

वीस मिलिलिटरच्या एका प्रयोगात सोनं जातं जेमतेम चार मिलिग्रॅम. पण क्लोरोऑरिक आम्ल मिलिग्रॅमवर मिळत नाही. एक ग्रॅमची बाटली घ्यायची तर हजारांत पैसे मोजावे लागतात. कोणाच्या प्रयोगशाळेत उघडलेली बाटली पडून असेल, तर त्यातलं थोडं द्या. चुंबकी स्टररवाली हॉटप्लेट, लाल लेसर आणि प्रोजेक्टर एका संध्याकाळपुरते हवेत. काचेची भांडी आम्ही आम्लराजाने (तीव्र हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाने) धुऊन घेऊ, कारण भांडं जरा मळकट असलं तरी लालाऐवजी जांभळा रंग येतो आणि सगळ्यांसमोर फजिती होते.

आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवले, ते काम 2004 मध्ये 'नेचर मटेरियल्स'मध्ये आलं. परसातल्या गवती चहाकडे मुलांनी यानंतर जरा वेगळ्या नजरेने पाहावं, असं फार वाटतं. क्वांटम डॉट (आकारानुसार रंग बदलणारे अर्धवाहकांचे नॅनोकण), त्यांना मिळालेलं 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल हे सगळं व्याख्यानात येईलच. बागायतदारांनीही यावं. अर्ध्या लिटरच्या नॅनो युरियाने खरंच गोणीचं काम होतं का, हा प्रश्न त्यांनी वक्त्यांना थेट विचारावा. साबणापासून रंगापर्यंत हल्ली कशालाही 'नॅनो' चिकटवतात, त्यावर त्या काय म्हणतात ते ऐकायची मला स्वतःला उत्सुकता आहे.

आता पैशांचं. ताट 220 रुपयांना पडतं. सभासद आपापलं भरतील. गुहागर, खेड, चिपळूणच्या महाविद्यालयांतून येणाऱ्या 45 मुलांकडून घ्यायचे नाहीत असं ठरलं आहे, म्हणजे 9,900 रुपये उभे करायचे आहेत. कोणी एक ताट उचलावं, कोणी पाच. रात्रीची शेवटची एसटी गाठता येणार नाही अशा मुलांना सोडायला दोन गाड्याही हव्यात, आणि माझ्या मते ही मदत पैशांपेक्षा मोठी. पावती देऊ, पण मंडळाला दिलेल्या देणगीवर 80जीची आयकर सवलत मिळत नाही, हे आधीच सांगतो. देणगीच्या बदल्यात मंचामागे फलक लावणार नाही. मागे एका प्रायोजकाने वक्त्यांच्या आधी वीस मिनिटं आपल्या मालाची माहिती दिली होती आणि भात निवला होता.

ताटांचा आकडा आचाऱ्याला गुरुवारी द्यायचा आहे. तेव्हा काय देणार ते बुधवारी संध्याकाळपर्यंत मंडळाच्या कार्यवाहांना कळवा. बेत तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, वरण-भात आणि सोलकढीचा आहे. शनिवार असल्यामुळे मासे नाहीत, त्याबद्दलच्या तक्रारी स्वीकारल्या जाणार नाहीत.