चतुःसीमा नसलेले विधेयक

मा. संपादक,

नक्षलवादाच्या बंदोबस्तासाठी म्हणून राज्य सरकारने आणलेले जनसुरक्षा विधेयक २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात पुन्हा सभागृहापुढे येण्याची चिन्हे होती, तेव्हाचे हे पत्र (जुलै २०२५ मध्ये ते विधिमंडळात मंजूर झाले). पुणे शहरातले आठपैकी सात आमदार सत्ताधारी युतीचे, त्यांना पत्र लिहून काय उपयोग, असे आमच्या कट्ट्यावरचे मत. मला मात्र त्या सातांशीच बोलायचे आहे.

गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी पोलिस मारले, गरीब आदिवासी मारले. त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. हरकत हेतूला नाही, मसुद्याला आहे. बेकायदेशीर कृत्य कशाला म्हणायचे, हे सांगणारे कलम आमदारसाहेबांनी एकदा स्वतः वाचावे. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका ठरणारे, कायद्याच्या अंमलबजावणीत अडथळा आणणारे किंवा आणण्याकडे कल असणारे, प्रस्थापित कायदा मोडायला उत्तेजन देणारे असे काहीही त्यात बसते. मग ते भाषणातून असो, लेखातून किंवा नुसत्या खुणेतून. हिंसेचा उल्लेख आहे, पण बाकीच्या उपकलमांना तिची गरज नाही. चतुःसीमा न लिहिलेल्या खरेदीखतावर शहाणा माणूस सही करत नाही, आणि इथे तर सात वर्षांपर्यंतची कैद आहे, तीही अजामीनपात्र गुन्ह्यात. संघटनेवर बंदी घालताना सार्वजनिक हिताचे कारण देऊन तथ्ये झाकून ठेवायचीही सरकारला मुभा.

ऑगस्ट २०२४ मध्ये एमपीएससीची पोरे शास्त्री रस्त्यावर रात्रभर बसली होती. परीक्षेची तारीख बदलून मागणाऱ्या त्या मुलांना या व्याख्येतून बाहेर ठेवणारा एक शब्द मसुद्यात दाखवा. जरा मागे जाऊ. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीत सेनापती बापटांनी मावळ्यांना काय शिकवले? सरकारी कायद्याने घेतलेली जमीन सोडू नका, हेच. त्यांच्या पुण्यतिथीला हार घालणाऱ्यांनी याचा विचार करावा.

कायद्याचा गैरवापर होणार नाही, असे मंत्री सांगतात. सांगोत बापडे. पण मंत्र्यांचे आश्वासन कायद्यात छापले जात नाही, आणि पोलिस ठाण्यातला अधिकारी कलम वाचतो, सभागृहातले भाषण नाही. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६अ कलम डिसेंबर २००८ मध्ये लोकसभेत चर्चेविना मंजूर झाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्याच पालघरात दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने फक्त लाइक केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम संदिग्ध म्हणून रद्द केले, तेव्हा मार्च २०१५ उजाडला होता. कलम आणणारे सरकार तोवर सत्तेतून गेलेही होते. आज बाके वाजवणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. उद्या विरोधी बाकांवर बसाल, तेव्हा हीच व्याख्या तुमच्या मोर्चाला लावायला दुसरे कोणी असेल.

व्हिपचे, म्हणजे पक्षादेशाचे, कारण मला ठाऊक आहे. पण व्हिप मतदानाला असतो, पक्षाच्या बैठकीत तोंड उघडायला नाही. तिथे सांगता येते की बेकायदेशीर कारवायांविरुद्धचा केंद्राचा यूएपीए कायदा १९६७ पासून आहे, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा मकोका १९९९ पासून आहे, माओवादी पक्षावर केंद्राची बंदी २००९ पासून आहे; मग नवा कायदा नेमकी कोणती उणीव भरतो? सभागृहात दुरुस्ती सुचवता येते: व्याख्येत प्रत्यक्ष हिंसा किंवा हिंसेची चिथावणी ही अट घाला, कल आणि उत्तेजन हे शब्द काढा.

आठव्या आमदारांकडेही मागणी आहे. सभात्याग करून पायऱ्यांवर घोषणा देऊ नका, आत बसा. आवाजी मतदानाने उरकू न देता मतविभागणी मागा, म्हणजे कोण कुठे उभे होते ते नावानिशी नोंदले जाईल. निधीतून बसवलेल्या प्रत्येक बाकड्यावर नाव रंगवून घेणाऱ्यांची याला हरकत नसावी.

— एक मतदार, सहकारनगर, पुणे