हात कोरडा पाहिजे, हे सांगायचं राहिलं

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कुशल कामगार मिळत नाहीत, पोरं टिकत नाहीत, आयटीआयमधून आलेल्यांना काही येत नाही, ही उद्योजकांची तक्रार आपल्या दैनिकात दर दोन-चार महिन्यांनी वाचतो. तक्रार खोटी नाही. शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ 'ट्रेनर' म्हणून, त्यामुळे ती मला पाठ आहे. पण या पोरांना शिकवणारा माणूस येतो कुठून, यावर कुणी ओळभरही लिहीत नाही.

मी ट्रेनर झालो तो गुडघ्यामुळे. मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे बनवायला, आठ तास उभं राहणं जमेना. मॅनेजर म्हणाले, "काका, आता बसून पोरांना शिकवा." माझी नेमणूक आणि माझं प्रशिक्षण, दोन्ही त्या एका वाक्यात उरकलं. पुढे गोकुळ शिरगाव, कागलकडचे माझ्यासारखे भेटले, त्यांचीही तीच कथा. कुणाची पाठ गेलेली, कुणाचं साहेबांशी वाजलेलं. काम उत्तम येतं म्हणजे शिकवता येतंच, असं सगळे धरून चालतात. मीही धरून चाललो होतो.

त्यातली एक गोष्ट अजून टोचते. साच्याच्या वाळूत ओलावा साधारण तीन-चार टक्के लागतो. मोजायला यंत्र असतं, पण जुना माणूस आधी मूठ वळून बघतो. वाळू दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे स्वच्छ उठले आणि ढेकूळ मोडल्यावर कडा साफ तुटली, की वाळू बरोबर. गडहिंग्लजकडचा एक पोरगा माझ्या हाताखाली आला. त्याला दोनदा करून दाखवलं आणि विचारलं, "कळलं न्हवं?" तो "हो काका" म्हणाला. तिसऱ्या दिवशी वाळू कोरडी पडली, साच्याच्या कडा ढासळल्या, ओतलेल्या मालात वाळू मिसळली आणि अख्ख्या पाळीचा बराचसा माल रिजेक्ट. पोराला सगळ्यांसमोर झापण्यात आलं. मी शेजारी उभा होतो, गप्प राहिलो.

कारण आठवड्याने सापडलं. पोरगा नीटनेटका. वाळू बघण्याआधी दर वेळी नळावर हात धुवायचा आणि तसाच ओल्या हाताने मूठ वळायचा. वाळू तळव्याला चिकटायची, त्याला वाटायचं पाणी जास्त झालंय, मग तो पाणी कमी करायचा. हात कोरडा पाहिजे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. इतक्या वर्षांत ते माझ्या हातातच इतकं मुरलं होतं, की ती सांगण्यासारखी गोष्ट आहे हेच मला सुचलं नाही. ज्याला काम अंगवळणी पडलंय त्याला त्यातल्या बारक्या गोष्टी दिसत नाहीत, आणि नवख्याचा पाय नेमका तिथेच घसरतो.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एका तरुण इंजिनिअरने माझ्या हातात काही झेरॉक्स ठेवल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांतले तरबेज कामगार सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी यंत्र कधी न पाहिलेली माणसं आली, त्यात बायकाही बऱ्याच. तेव्हा तिथल्या सरकारने १९४० ते १९४५ 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची योजना चालवली. शिकवायचं कसं, हे फोरमन लोकांना शिकवण्यासाठी दोन-दोन तासांच्या पाच बैठका, एकूण १० तास, आणि खिशात मावेल एवढं एक कार्ड. आधी शिकणाऱ्याची तयारी करून घ्या. मग सांगत सांगत करून दाखवा. मग त्याच्याकडून करून घ्या, आणि करताना त्याला तोंडाने सांगायला लावा. मग एकटा सोडा, पण येता-जाता लक्ष ठेवा. कार्डावर एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली आणि टोयोटाने ती उचलली. आमच्याकडे लीन, कायझेन या जपानी धर्तीच्या काम सुधारण्याच्या पद्धतींच्या पाट्या भिंतीभर लागल्या, हे कार्ड मात्र कुणाच्या खिशात दिसलं नाही.

शिकवण्याआधी काम कागदावर उतरवायचं, असंही त्यात आहे: पायरी, त्यातली खुबी, आणि ती खुबी कशासाठी. मूठ वळण्याचं एवढंसं काम लिहायला मला तीन संध्याकाळ लागल्या. सात ओळी झाल्या. दुसरी ओळ 'हात कोरडा करणे'.

माझ्या पाहण्यातली सगळ्यात चांगली शिक्षिका कोअर शॉपमधली एक मावशी होती. कोअर म्हणजे ओतलेल्या मालात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. नवी बाई आली की मावशी तिला आधी कच्चा कोअर मुद्दाम चुकीचा उचलायला लावायची, तो मोडला की हसायची आणि म्हणायची, "आता सांग, का मोडला?" तिच्या हाताखाली कुणी दुसऱ्यांदा कोअर मोडल्याचं मला आठवत नाही. कागदोपत्री ती शेवटपर्यंत हेल्परच राहिली.

आपल्या कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको खरं तर. तालमीत वस्तादाचा मान काय असतो ते गंगावेस, मोतीबागेत जाऊन बघा. तो स्वतः महाराष्ट्र केसरी असेलच असं नाही, पण कोणत्या पोराचा कोणता पाय कच्चा आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि तो आला की मोठमोठे पैलवान वाकून पाया पडतात. आणि वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असंही आपणच म्हणतो. कारखान्यातही डाव राखले जातात. पोरगं तयार झालं की आपला ओव्हरटाइम जाईल, आपल्यावाचून अडणार नाही, ही भीती असते. शिकवण्याचा वेळ उत्पादनाच्या टार्गेटमधून कापला जातो आणि पोराने माल बिघडवला तर तोही आपल्या नावावर. मग कोण सगळा डाव दाखवील? मी जुन्या मिस्त्री लोकांना दोष देत नाही.

१९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. त्यांच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. शिकवायला पात्र माणूस नेमा, हेही कायद्यात आहे. प्रत्यक्षात रजिस्टरवर एक नाव चढवलं जातं आणि पोराला शिकवतो भलताच. आयटीआयच्या निदेशकांसाठी वर्षभराचा प्रशिक्षण कोर्स आहे, मुंबईत चुनाभट्टीला केंद्रही आहे. पण घराचा हप्ता भरणारा, पाळीत काम करणारा माणूस वर्षभर चुनाभट्टीला जाणार कसा?

जर्मनीत कारखान्यात अप्रेंटिसला शिकवणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. तो नियम १९७२ चा. उद्योगांचं ओझं कमी करायचं म्हणून २००३ मध्ये तो स्थगित केला आणि २००९ मध्ये पुन्हा लागू केला. एवढा पुढारलेला देश, पण शिकवणाऱ्याची परीक्षा त्यांनी परत आणली, हे मला फार बोलकं वाटतं.

फॉर्मविषयीही थोडं. गाड्यांच्या कंपन्यांना माल देणाऱ्यांकडे ऑडिटर प्रशिक्षणाची फाइल मागतात, म्हणून फाइल जाडजूड असते. हजेरीच्या सह्या, 'प्रशिक्षण कसे वाटले?' आणि समोर उत्तम, बरे, ठीक. समोसा गरम असला तर पोरं उत्तमवर टिक करतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५९ मध्येच सांगून ठेवलंय, की शिकणाऱ्याला कसं वाटलं ही फक्त पहिली पायरी. तो काय शिकला, कामावर गेल्यावर वेगळं काय करू लागला आणि त्याचा कामावर परिणाम काय झाला, हे त्यापुढचं. महिन्याभराने मशिनपाशी जाऊन बघायला कुणाला सवड नसते. मलाही नव्हती, कारण तोवर पुढची बॅच आलेली असायची.

स्मॅक, गोशिमा, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन अशा उद्योजकांच्या संघटना आपल्याकडे आहेत. प्रत्येक कारखान्यातून एक-दोन मिस्त्री, फोरमन निवडून त्यांना हे दहा तासांचं शिकवणं द्यायला फार मोठा खर्च येणार नाही. मात्र परत गेल्यावर त्या माणसाला आठवड्यातले काही तास टार्गेटमधून मोकळे करा, आणि पगाराच्या चिठ्ठीवर शिकवण्याचा भत्ता म्हणून वेगळी ओळ छापा, मग ती दोनशे रुपयांची का असेना. गुडघा जायची वाट बघू नका. चाळिशीतला, हातात दम असलेला माणूस या कामाला लावा.

संघटनांपैकी कुणी हॉल आणि चहाची सोय केली तर पहिली बॅच मी विनामोबदला घेतो. वाळूचं घमेलं माझं. हात पुसायला फडकं मात्र ज्याचं त्याने आणावं.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री ट्रेनर
फुलेवाडी, कोल्हापूर
(नाव कृपया छापू नये.)