कबरीच्या मिस्त्रींना

प्रिय मिस्त्री,

यंदाची प्रभूची कबर, म्हणजे येशूच्या कबरीचा चर्चमधला रंगवलेल्या लाकडी कमानींचा देखावा, गुड फ्रायडे ते पवित्र शनिवार नीट उभी राहिली आणि रंगीत पाण्याचे, मागच्या दिव्यांनी उजळणारे तीसच्या तीस काचगोळे शाबूत उतरले. आल्प्समधल्या टिरोल प्रदेशातल्या गावोगावच्या कबरींचं कौतुक पुष्कळ होतं, पण कमानींच्या मागे कोण राबलं हे कुणी विचारत नाही. म्हणून हे आभार चारचौघांत.

सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८० च्या दशकात या कबरींवर बंदी घातली, तीही लोकांनी पचवली. जास्त नासधूस १९६० नंतर झाली. जुनं नकोसं झालं आणि रंगवलेल्या चौकटी माळ्यावर गेल्या. कोरड्या माळ्यावर लाकूड आखडतं, दमट चर्चमध्ये फुगतं. खिळ्यांनी जखडलेली फळी मग तडकणारच. तुम्ही खिळे उपटून खाचा पाडल्या, पाचरी बसवल्या. आता पाचही कमानी हातोडीशिवाय उभ्या राहतात. प्रत्येकीच्या पाठीवर तुमचं पेन्सिलचं अक्षर आहे. चौथीवर लिहिलंय, ‘आधी पाचवी. ओल्या फडक्याने पुसू नका.’ रंग सरसाचे आहेत, पाणी लागलं की आभाळासकट निघून येतात. कोरडा मऊ ब्रश, बस्स.

गोळ्यांचं शास्त्र मात्र तुमच्याकडूनच कळलं. पाण्याने भरलेला गोळा म्हणजे भिंगच. दिवा काचेपासून गोळ्याच्या त्रिज्येइतका मागे हवा. १२ सेंमी व्यासाच्या गोळ्यामागे ज्योत ६ सेंमीवर. तेव्हाच समोरून सबंध गोळा उजळतो. जवळ सरकवला की मधोमध नुसता ठिपका. त्याच भिंगातून खिडकीचं ऊन आत शिरलं तर मागचं कापड करपतं, म्हणून खिडक्यांना काळं कापड आधी, गोळे नंतर. हा क्रम चुकवायची हौस दर वर्षी कुणाला तरी येतेच.

निळ्यासाठी मोरचूद. साध्या नळाच्या जड पाण्यात ते दुधाळ होतं, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी घ्यायचं आणि वर चार थेंब व्हिनेगर. विष आहे ते. बाटलीवर लाल चिठ्ठी तुम्हीच लावलीत. पाणी गोळ्याच्या मानेखालीच थांबवायचं, बूच सैल ठेवायचं, कारण दिव्याने पाणी तापून फुगतं. आणि सण संपला की त्याच आठवड्यात गोळे रिकामे करून, उलटे घालून वाळवायचे. भरलेले राहिले तर थंडीत पाणी गोठून काच फुटते.

कबरीच्या वर ठेवतात त्या पवित्र साक्रामेंताच्या (पवित्र भाकरीच्या) पात्रावरचं तलम वस्त्र ज्योतीपासून हातभर लांब हवं, यासाठी तुम्ही ठोकलेली आडवी पट्टी दिसत नाही, पण तीच सगळ्यांत मोलाची. आग लागली असती तर चर्चची घंटाही वाजली नसती. पवित्र गुरुवारच्या ग्लोरिया या स्तुतिगीतापासून शनिवार रात्रीपर्यंत घंटा गप्प आणि लाकडी खटखट्यांचाच आवाज, तो कोण आगीचा समजणार?

वीजदिव्यांचं म्हणाल तर दोन गोळ्यांत लावून पाहिले. गोळा उजळतो, पण हलत नाही. वात थरथरते तेव्हा रंग श्वास घेतल्यासारखा दिसतो. तुमचंच म्हणणं खरं. तेलच राहील.

एकच मागणं. वरच्या कमानीची उजवी खुंटी खाचेत डुलते आहे, कागदाची घडी कोंबून निभावलं. पुढच्या वर्षी ईस्टरपूर्वीचा उपासकाळ लागायच्या आत येऊन तेवढी बघा. शिडी आम्ही धरतो.

आपले,
कबर उभारणारे