शाळांसाठी आठवड्याला एक रकाना द्या

महोदय,

माढा तालुक्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइज’मुळे जगभर गाजली. तसे काही घडले तरच खेड्यातली शाळा पहिल्या पानावर येते, नाहीतर पोषण आहारात अळ्या सापडल्यावर. मधले सगळे आठवडे कोरे! शाळा व्यवस्थापन समितीची बैठक कधी, शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे वाडीवस्तीवरच्या पालकांना फार उशिरा कळते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला आलेल्यांची मुले जवळच्या शाळेत बसू शकतात, हे फडावर जाऊन कोण सांगणार? अक्कलकोटकडच्या कन्नड माध्यमाच्या शाळांची तर बार्शीकरांना गंधवार्ताही नसते. आपण दर शनिवारी तालुकावार शाळावृत्त छापावे. सत्कारांचे फोटो मागे राहिले तरी चालतील, तारखा आधी येऊ द्या.

– एक पालक, मोहोळ (जि. सोलापूर)