मी का तुही केस आहो?

नागपूर,
मारबतीचा दिवस

ती. आई-बाबांना सा. न.

आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तू फोनवर म्हणालीस, थेंब टाकले की डोळा चुरचुरतो. मी म्हटलं, "हो, मी समजू शकते. तुम्हाला त्रास होतोय." तू दोन क्षण गप्प. मग म्हणालीस, "तुम्हाला? काऊन वं, मी का तुही केस आहो?" बाबा मागून हसले, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तशीच बसून राहिले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तेही येत नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी ड्यूटी होती असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. रजा मंजूर होती, बॅग भरलेली होती. आर्वीच्या गाडीची वेळ झाली आणि मी पलंगावरून उठलेच नाही. उठवलंच गेलं नाही म्हणा. हे फोनवर सांगायला गेले की तुझं "जेवलीस का" सुरू होतं, म्हणून पत्र.

माझं काम म्हणजे स्टेशनवर हरवलेली पोरं, एवढं तुम्हाला माहीत आहे. नागपूरहून चारी दिशांना गाड्या जातात, तशी चारी दिशांची पोरं इथे उतरतात. कुणी बापाच्या माराला कंटाळून निघालेलं, कुणी मुंबई बघायला. १०९८ वर फोन येतो नाहीतर रेल्वेचे आरपीएफवाले आणून सोडतात. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मुलाला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, असा कायदा आहे. कायदा चांगलाच आहे. पण तेवढ्या वेळात पोलिसांतली नोंद, दवाखाना, घरचा पत्ता, अहवाल, शिवाय पोरगं जेवलं का, झोपलं का, हे सगळं आम्ही तिघीच बघतो. मानधन तीन महिने थकलेलं, करार अकरा महिन्यांचा. मध्ये आमचं 'ताणमुक्ती शिबिर' झालं. दीर्घ श्वास घ्यायला लावले, मग समोसा. शेजारची हळूच म्हणाली, "श्वास तं घेतो बाप्पा, पण पैशाचं काय?"

जूनमध्ये एका रात्री दहा-अकरा वर्षांचा पोरगा आला. नाव लिहीत नाही, लिहायचं नसतं. मी फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, नाव? त्यानं सांगितलं. पान उलटलं, पुन्हा विचारलं, नाव? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दीदी, दो बार तो बताया." मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. त्याला नेल्यावर टेबल पुसायला घेतलं तर माझ्या बाजूला अर्धं बिस्किट. आम्हीच दिलेल्या पुड्यातलं एक मोडून त्यानं अर्धं माझ्याकडे सरकवलं होतं. कधी, ते मला आजही सांगता येणार नाही.

याला बर्नआउट म्हणतात. बाबा, हा आळस नाही आणि मला कुणाची नजरही लागलेली नाही. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसतज्ज्ञानं यावर लेख लिहिला, तेही न्यूयॉर्कच्या एका फुकट दवाखान्यात राबणाऱ्या लोकांकडे बघून. तो स्वतःही त्यातलाच. म्हणजे हा शब्द रुजला तोच आमच्यासारख्यांमुळे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली, तीही आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या जागी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. अंगातलं बळ जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, या त्याच्या तीन खुणा. मला तिन्ही लागू. ताण कामाच्या जागी साचतो असं ते म्हणतात, तर शिबिरात श्वास मात्र आम्हीच घ्यायचे!

आपल्याकडे अजून एक भानगड आहे. शेजारच्या काकू म्हणतात ना, पोरगी किती पुण्याचं काम करते. पुण्याच्या कामातून रजा मागायची लाज वाटते हो. विदर्भात समाजकार्य म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं. पण बाबा आमट्यांनीही ते माणसं जोडून उभं केलं, एकट्यानं नाही. हे सोयीनं विसरलं जातं.

बाबा, तुम्ही एसटीच्या मुक्कामी गाडीवरून परत आलात की कितीही थकलेले असा, आधी डेपोत तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल आणि रोकड जमा करायचात, मग घर. एकदा चौदा रुपये कमी आले. तुम्ही खिशातून भरले आणि घरी येऊन पोटभर जेवलात. आई किती चिडली होती! मला ते चौदा रुपये सारखे आठवतात. हिशोब लागला नव्हता, पण जमा झाला होता. माझ्या कामाला डेपोच नव्हता. दिवसभराची रोकड उशाशी घेऊन झोपत होते मी.

आता आमच्या मोठ्या ताईंनी एक सुरू केलंय. दर गुरुवारी तासभर दार लावून बसायचं. प्रत्येकीनं एक केस सांगायची, पण फॉर्ममधली नाही. त्या केसनं आपलं काय झालं ते. कॉलेजात याला सुपरव्हिजन म्हणायचे. नोकरीत त्याचा अर्थ फायली तपासणं एवढाच उरला होता. बिस्किटाचं मी तिथेच पहिल्यांदा बोलले. ड्यूटीचा फोनही आता पाळीनं असतो; ज्या दिवशी पाळी नाही, त्या दिवशी तो माझ्याकडे नसतो.

आणि १४४१६ लावला. सरकारचा टेली मानसचा नंबर. कितीतरी आयांना मीच चिठ्ठीवर लिहून दिलेला. रात्री दीड वाजता स्वतःसाठी लावला. पलीकडची मुलगी मराठीत म्हणाली, "हो, मी समजू शकते." मला हसूच फुटलं. पण आई, खरं सांगते, बरं वाटलं. तिनंच पुढे समुपदेशकाकडे जायला सांगितलं. पंधरवड्यातून एकदा धंतोलीत जाते. मी बरी आहे. लगेच गाडीत बसून येऊ नका.

थकबाकीतलं एका महिन्याचं मानधन आलंय. दोन महिन्यांसाठी तिघींनी मिळून लेखी अर्ज दिलाय, बघू. आई, तू बी.एड.चं पुन्हा काढशील, म्हणून आधीच सांगते, नोकरी इतक्यात सोडत नाही. पुढच्या वर्षी सोडलीच, तर पळून आले असं समजू नकोस.

आज सुट्टी होती. मी आणि शिबिरात 'पैशाचं काय' म्हणणारी ती मैत्रीण इतवारीत मारबतीची मिरवणूक बघायला गेलो. ही गर्दी! पिवळ्या मारबतीचा पुतळा समोर आला आणि लोक ओरडले, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" हिनं त्यात सूर मिसळला, "पेंडिंग रिपोर्ट घेऊन जा गे मारबत!" बाजूच्या एका पोट्ट्याला ते एवढं आवडलं की तोही तेच ओरडत पुढे गेला. मी किती दिवसांनी इतकी हसले असेन.

दुसऱ्या डोळ्याची तारीख शक्यतो शनिवारची घ्या. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं येते. थेंब मी टाकीन.

तुमची,
पिंकी

ता. क. बाबा, संध्याकाळच्या गाडीची वेळ बदलली का, ते स्टँडवर विचारून ठेवा. तुमचं अजून ऐकतात तिथे.